तळाची पायरी

माझं दुकान टेकडीच्या पायथ्याशी, वालपाराइसोत.
एक झेरॉक्स मशीन, एक स्टेपलर
आणि गरम कागदांवर झोपणारं मांजर.
ओनोफ्रे आला तेव्हा पाठीवर सिलिंडर नव्हता,
म्हणून मी त्याला ओळखलंच नाही.

एकतीस वर्षं त्यानं या टेकडीवर गॅस चढवला.
पाठीवर ओझं असलं की माणूस समुद्र बघत नाही,
पायाखाली बघतो.
त्यानं पायऱ्या मोजल्या, सगळ्या जिन्यांच्या.
कुठली भूकंपात तडकली,
कुठल्या दगडावर पिशव्या टेकवून टेकवून खळगा पडला,
कुठल्या वळणावर शवपेटी वळत नाही
आणि मेलेल्याला उभा करून उतरवावा लागतो.
सगळं गॅसच्या पावत्यांच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
सुनेनं टाइप केलं. दोनशे चौदा पानं.
मी पाच प्रती काढल्या. पैसे त्यानं नाण्यांत मोजले,
दोनदा.

सान्तियागोहून उत्तरं यायला सात महिने लागले.
एकानं विचारलं, आपण वास्तुशास्त्रज्ञ आहात का?
दुसऱ्यानं, इतिहासाची पदवी कुठली?
तिसऱ्याकडून नुसतंच पाकीट परत आलं,
आत माझी पिन, जशीच्या तशी.
(माझी पिन मी ओळखते. जराशी तिरकी बसते.)

माणसानं आपली पायरी ओळखून राहावं,
मेहुणा म्हणाला, माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून.
ओळखतो की, ओनोफ्रे म्हणाला.
तू कुठलीबद्दल बोलतोयस?

मग इस्मेनियाबाईंचा फोन आला.
त्याच्याकडे फोन नव्हता, म्हणून माझ्याकडे.
पुस्तक आवडलं, त्या म्हणाल्या,
पण यात तुम्ही कुठं आहात?
आकडे थोडे कमी करू. एखादं प्रेम,
बायकोचं आजारपण, गुडघ्याचं दुखणं, असं काही.
तो बराच वेळ रिसीव्हर धरून उभा.
गुडघा आहे, म्हणाला, पान एकशे तीन.
तिथं पायऱ्यांची उंची बदलते.

ऑगस्टच्या गारठ्यात बाई स्वतः आल्या, टाचांचे बूट घालून.
नव्वदाव्या पायरीवर बूट हातात आले.
वर काय बोलणं झालं मला माहीत नाही.
खाली आले तेव्हा घासाघीस चालली होती,
मासळीबाजारात चालते तशी:
हा जिना राहू दे, तो गाळा,
बरं, पण त्याची वळणं तरी ठेवा.
बायकोबद्दल त्यानं एक ओळ दिली. एकच.
करारावर सही करताना विचारलं,
दहा टक्के म्हणजे कशाचे दहा?
कुणालाच पटकन सांगता आलं नाही.

छपाई सुरू झाली त्याच आठवड्यात
नगरपालिकेनं रस्ता उंच केला.
आमच्या जिन्याची तळाची पायरी डांबराखाली गेली.
पुस्तकात एकशे सहासष्ट. टेकडीवर एकशे पासष्ट.
त्यानं बाईंना फोन लावला नाही.
खोकी आली, मांजर त्यांच्यावर चढून बसलं,
तो एक प्रत उघडून वास घेत राहिला
आणि म्हणाला, शाई ओली वाटते.
ओली नव्हती.

रविवारी एक पोरगा आला, बारा-तेरा वर्षांचा,
आईनं घेतलेलं पुस्तक छातीशी धरून.
चूक आहे, म्हणाला. मी तीनदा मोजल्या.
मी म्हटलं, लेखक तो बघ, तिथं बसलाय.

ओनोफ्रेला राग आला असं मला वाटलं.
तो उठला, एक हात गुडघ्यावर,
दुसरा पोराच्या मानेवर, आणि त्याला बाहेर नेलं.
काचेतून मला ऐकू येत नव्हतं.
तो टाचेनं डांबरावर ठोकत होता,
एका जागी, मग वीतभर बाजूला, मग पुन्हा.
पोरगा खाली बघत राहिला.
मग त्यानं जपून,
काहीच नसलेल्या जागेवर पाय ठेवला
आणि त्याचे ओठ हलले:
एक.